शेळी सापडली का?

खरं सांगते, त्या पालकसभेपासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

गुजरातेत, पांडेसऱ्यातल्या एका मराठी शाळेत मी सातवीला शिकवते. मुलांचे आईवडील बहुतेक खानदेशातले, मिलमध्ये कामाला. पोरं घरी अहिराणी बोलतात, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि मराठी पुस्तक दिसलं की जांभया देतात. म्हणून मीच हट्टाने वाचनाचा तास सुरू केला. शनिवारी पुस्तक घरी न्यायचं, आवडीने वाचायचं आणि पुढच्या शनिवारी एक पान सारांश लिहून आणायचा. आता आवडीनेच वाचायचं तर सारांश कशाला, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे.

सारांश धडाधड येऊ लागले. सगळे मागच्या कव्हरवरून जसेच्या तसे उतरवलेले. मी लाल पेनाने बरोबरच्या खुणा करत सुटले होते. वर खूशही होते!

एकच मुलगी वही कोरी आणायची. हरवलेल्या शेळीच्या गोष्टीचं एक जाडसं पुस्तक तिने महिनाभर परतच केलं नाही, तेव्हा माझं टाळकं सरकलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "वाचायचं नसेल तर नेतेस कशाला गं? शोभेला?" दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि त्यानंतर पुस्तकांच्या कपाटाकडे फिरकलीसुद्धा नाही. चला, एक कटकट गेली, असंच मला वाटलं.

मग पालकसभेला तिची आई आली, मुलगीही सोबत. ही बाई घरी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करते. बोटांवर गोंद वाळलेला. मार्क विचारेल म्हणून मी पत्रक पुढे केलं. तिने ते पाहिलंही नाही.

"बाई, ती शेळी सापडनी का?"

"कुठली शेळी?" मला खरंच कळेना.

"पुस्तकातली वो! पोरगी रोज शाळेतून आली की वाचायची, आमच्या बोलीत करून सांगायची. आम्ही पाच-सहा बाया साड्या घेऊन बसायचो. कोणी ना कोणी म्हणायचं, थांब, परत सांग. म्हणून तिला पुस्तक संपवायला उशीर व्हायचा. शेळी पुरात वाहत गेली, तिथंच राहिलं सगळं. आता पुस्तकाचं नाव काढलं तरी पोरगी चिडते. तुम्हीच सांगा ना, काय झालं पुढं?"

अख्ख्या वर्गात जी एकटी वाचत होती, नेमकं तिलाच मी बोलले होते! लाज वाटली, रागही आला, पण राग कोणाचा तेच समजेना. माफी मागू, की पोरीने आधी का सांगितलं नाही म्हणून विचारू? आई वाट बघत होती. तिच्या मागून मुलगी कितीतरी दिवसांनी सरळ माझ्याकडे बघत होती. निदान शेवट तरी सांगावा म्हणून मी तोंड उघडलं. आठवलं ते फक्त मागचं कव्हर, तेही पोरांच्या वह्यांतून वाचलेलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी ते पुस्तक वाचलंच नाहीये."

आई हसली. तिला वाटलं, बाई गंमत करतात. मुलगी हसली नाही.