लिहिलेली बाजू खाली

माझ्या पायाला भिंगरी आहे असं माझा नवरा म्हणतो, आणि ते खरं आहे. कॅनडात, मिसिसागातल्या आमच्या घरात मला सलग अर्धा तास एका खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. म्हणून मुलीला भेटायला मी एकटीच कोरियाला निघाले तेव्हा त्याने मला दारातच बजावलं, "तिकडे नुसती भटकत राहू नकोस. परत कधी येणार ते तिला सरळ विचार, आणि उत्तर घेऊनच ये."

आमची मुलगी तीन वर्षांपूर्वी तिकडे गेली, दक्षिण टोकाच्या एका खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला. "जस्ट वन इयर, आई," असं म्हणून गेली होती. एकाची तीन वर्षं झाली तसा नवऱ्याने बेसमेंटला हात घातला. तिच्यासाठी वेगळी खोली, छोटं किचन, स्वतंत्र वॉशरूम. तिला तिची प्रायव्हसी मिळाली की ती येईल, असा त्याचा तर्क. मी या तर्कावर हसले होते, पण खरं सांगायचं तर मीही त्यावरच टेकले होते. मला ती घरी हवी होती. बाकी सगळं म्हणजे नुसती सजावट.

तिच्या शाळेला सणाची सुट्टी होती. बसमधून उतरले तर ती समोर उभी, केसांचा बुचडा करून त्यात पेन्सिल खोचलेली, हातात फोन आणि फोनवर चार दिवसांचा कार्यक्रम मिनिटामिनिटाने आखलेला. पुरातन थडगी, देऊळ, वेताच्या बनासारखं दिसणारं खाडीतलं गवत आणि शेवटच्या दिवशी धबधबा. ते बघून मी खूश झाले. म्हटलं, आहे माझीच.

पहिल्या दिवशी थडगी पाहिली. टेकडीच्या उतारावर शेकडो प्रचंड शिळा, काही जमिनीत रुतलेल्या, काही लहान दगडांवर तोलून धरलेल्या. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी त्या ओढून आणल्या होत्या, आपल्या माणसांना खाली झोपवून वर ठेवायला. एवढा मोठा धोंडा ओढायला किती जण लागले असतील, असं मी म्हणाले. मुलीने पाटीवरचा आकडा वाचून दाखवला. मग मी हळूच विषयाला हात घातला, "बाळा, पुढच्या वर्षी..."

"आई, चल चल, बस सुटेल. नेक्स्ट बस दोन तासांनी आहे."

आम्ही अक्षरशः धावलो. रस्त्याच्या कडेला लांबलचक ताडपत्रीवर भात वाळत घातलेला होता आणि बसमध्ये कुरळ्या केसांच्या, फुलाफुलांच्या ढगळ विजारी घातलेल्या म्हाताऱ्या मला हाताला धरून बसवायला बघत होत्या. मी उभीच राहिले. संध्याकाळी जेवताना नवऱ्याचा फोन आला. त्याची सकाळ होती. "विचारलंस का?" मी नाही म्हटलं. त्याने दोन टाइलचे फोटो पाठवले. वॉशरूमला ग्रे बरी की बेज?

दुसऱ्या दिवशी देऊळ. उंच झाडांमधून जाणारी वाट, ओढ्यावर दगडी कमानीचा पूल, मग एकामागे एक पायऱ्या चढत गेलेले लाकडी मंडप. मुख्य मंडपाच्या बाजूला काळ्या कौलांच्या चळती रचून ठेवल्या होत्या आणि शेजारी टेबलावर पांढऱ्या शाईची पेनं. आपण पेटीत दान टाकायचं आणि एका कौलावर आपली इच्छा लिहायची. छप्पर शाकारायची वेळ आली की ती कौलं वर चढतात. बहुतेकांवर कोरियन अक्षरं होती. एकावर कुणीतरी नुसतं एक विमान काढलं होतं.

"तू लिही, आई. मराठीत लिहिलंस तरी चालतं, दे डोन्ट माइंड."

पेन हातात आल्यावर मला एकदम धीर आला. या मुलीने रविवारची मराठी शाळा दुसऱ्या इयत्तेत सोडली होती. माझं गिचमिड अक्षर तर तिच्या बापालाही लागत नाही. मी वाकून लिहिलं, "घरी ये."

"काय लिहिलंस?"

"सगळ्यांना सुखी ठेव."

देवळाच्या दारात उभी राहून मी धडधडीत खोटं बोलले. ती क्षणभर कौलाकडे बघत राहिली, मग तिने त्याचा फोटो काढला. "लिहिलेली बाजू खाली जाते," ती म्हणाली. "वरून कुणाला दिसत नाही."

त्या संध्याकाळी नवऱ्याने पुन्हा विचारलं, विचारलंस का? मी म्हटलं, हो, विचारलं. काय म्हणाली? अजून काही नाही म्हणाली. यात एकही शब्द खोटा नव्हता, तरी फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. मी तिच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. तिथे जमीनच तापवतात, तळपायांना ऊब लागते. ती म्हणाली, "सिट डाउन ना, आई," आणि लगेच उद्याच्या बसची वेळ सांगायला लागली.

तिसऱ्या दिवशी खाडी. मैलोन्मैल माणसाच्या डोक्यापर्यंत पोचणारं गवत, त्यातून लाकडी पूल काढलेला. खाली चिखल आणि चिखलावर बोटभर लांबीचे मासे, डोळे वर आलेले, चक्क उड्या मारत फिरणारे. पाण्यातला जीव चिखलावर कसा काय जगतो, म्हणून मी कठड्याला रेलून बघायला लागले. आयुष्यात क्वचित कशापाशी थांबते, त्यातली ती वेळ. तेवढ्यात तिने माझा कोपर धरला. "आई, चल ना, वरच्या पॉइंटला लेट होईल. तिथे मग निवांत बघ."

तो हात, ती ओढ, तो आवाज मी ओळखला. तो माझा होता.

माझे बाबा एकदाच कॅनडात आले होते. नागपूरला वीज मंडळात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. गावाबाहेर घर बांधताना वर एक जास्तीची खोली काढली होती, आम्ही परत येऊ तेव्हासाठी. ते काय विचारणार हे मला ठाऊक होतं, आणि ते यायच्या दोन महिने आधी मी मिसिसागातल्या या घराच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. ते सांगायचं कसं? मग मी त्यांना फिरवलं. नायगारा, थाउजंड आयलंड्स, ओटावाची पार्लमेंट, व्हिटबीचा किनारासुद्धा, जिथे बघण्यासारखं फारसं काही नाही. नायगाऱ्याला त्यांना धबधब्यापेक्षा विजेचं केंद्र बघायचं होतं. ते कठड्याशी उभे होते, काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मी त्यांचा कोपर धरला. "चला बाबा, बोटीची वेळ झाली."

सहा आठवडे मी त्यांना दम घेऊ दिला नाही. विमानतळावर मी बॅगांची वजनं बघत होते तेव्हा ते म्हणाले, "सगळं दाखवलंस बेटा. तुला मात्र निवांत बघायचं राहून गेलं." मी म्हटलं, पुढच्या वेळी. पुढची वेळ आली नाही. ते गेले तेव्हा मी विमानात होते. वरच्या खोलीत आईने पापड-कुरडयांचे डबे ठेवले होते.

खाडीच्या त्या पुलावर मी तिच्यामागून चालत राहिले. म्हणजे हिनेही कुठेतरी सही केली होती तर.

चौथ्या दिवशी सकाळी ती पाण्याची बाटली भरून तयार. मी म्हटलं, "धबधबा नको."

"बट आई, इट्स द बेस्ट वन!"

"मी नायगाऱ्याच्या बाजूची आहे. आज तू सुट्टीच्या दिवशी एरवी जे करतेस ते कर. मी बरोबर आहे."

ती घाबरली. माझ्या लेकीला घाबरलेलं मी तिच्या लहानपणी पाहिलं होतं, तेव्हाही ती अशीच बाटलीचं झाकण उघडबंद करायची. मग म्हणाली, "शेजारच्या आजींना मिरच्यांना हेल्प करते."

शेजारच्या अंगणात चटयांवर लाल मिरच्या वाळत होत्या. वासानेच मी भिवापूरला पोचले. तिथल्या मिरच्या आमच्याकडे वर्षाच्या तिखटाला यायच्या आणि घरातल्या सगळ्या बायका खोकत बसायच्या. आजी ऐंशीच्या घरातल्या, पाठीतून पार वाकलेल्या. मुलगी त्यांना हाल्मोनी म्हणत होती, म्हणजे आजीच. त्यांनी मला एक बसकं स्टूल सरकवलं. मी बसले. देठ खुडायला शिकवावं लागलं नाही, ते बघून आजींनी मान डोलावली आणि माझ्या पुढ्यात आणखी एक ढीग ओतला.

तासभर गेला असेल. मुलगी आजींशी कोरियनमध्ये गप्पा मारत होती, मध्येच हसताना तोंडावर हात नेत होती. ही सवय तिला आमच्या घरात नव्हती. मिरची ती अंगठ्याच्या नखाने खुडत होती, ती सवय माझी. आजी तिला कशावरून तरी रागावल्या आणि ती उलटून फाडफाड बोलली. शाळेतून आल्यावर बॅग फेकून माझ्याशी भांडायची तशी. मग आजींनी माझ्याकडे बोट करून काही विचारलं.

"काय म्हणतात?"

"नथिंग. शी'ज जस्ट..." तिने हातातली मिरची खाली ठेवली. मग कधी नव्हे ते पूर्ण मराठीत बोलली. "त्या विचारतात, तू मला घरी न्यायला आलीस का."

"तूच सांग त्यांना."

ती बरंच काही बोलली. मला एक अक्षर कळलं नाही, पण आजींचा हात थांबला आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"आता मला सांग," मी म्हटलं.

"आय साइन्ड, आई. अजून तीन वर्षं. तू यायच्या आधीच. आणि त्यानंतरही मे बी इथेच."

"म्हणून मला चार दिवस पळवलंस?"

"तुला बसायला आवडत नाही ना. मला वाटलं, वी कीप मूव्हिंग, तर तू विचारणार नाहीस."

"मी विचारलंच कुठे?"

"विचारलंस की," ती म्हणाली. "दोन शब्द वाचता येतात मला, आई."

मला राग आला. भयंकर राग आला. तिकडे तुझा बाप तुझ्यासाठी टाइल निवडतोय, मी ओरडले, आणि तू इथे मिरच्या खुडतेस! मग रडूच फुटलं आणि मी दोन्ही हातांनी डोळे पुसले. मिरच्यांत वाढलेली बाई मी, मिरचीचे हात डोळ्यांना लावले. त्यानंतर जे झालं त्यात दुःखाला जागाच उरली नाही. आजी ओरडत पाणी आणायला धावल्या, मुलीने माझं डोकं नळाखाली धरलं, मी दोघींना शिव्या देत होते. ती हसत होती, रडत होती, "सॉरी आई, सॉरी" म्हणत होती. आजी माझ्या पाठीवर थापट्या मारत काहीतरी पुटपुटत होत्या. त्यांचा मुलगा सोल शहरात असतो, सणाला आला आणि दोन दिवसांत परत गेला, असं मुलीने नंतर सांगितलं.

डोळे निवल्यावर मी पुन्हा स्टुलावर बसले. दिवस मावळेपर्यंत बसले. माझ्या नवऱ्याला हे खरं वाटणार नाही. मिरच्या संपत आल्या होत्या, आणि मी मान वर करून तिच्याकडे बघायचे, पुन्हा खाली घालायचे, पुन्हा बघायचे. ती एकदा म्हणाली, "व्हॉट?" मी म्हटलं, काही नाही, बघतेय. तिला उचलून न्यावंसं वाटत होतं, आणि हेही दिसत होतं की ती तिथे नवीन नाही, तिला तिथल्या भांड्याकुंड्यांच्या जागा माहीत आहेत.

मिसिसागाला परतले तर नवरा विमानतळावरच म्हणाला, "मग?" मी गाडीत बसल्यावर सगळं सांगितलं, शिळा, कौल, मिरच्या, सही. घरी आल्यावर तो सरळ बेसमेंटमध्ये गेला. मी पाठोपाठ गेले. वॉशरूमच्या भिंती झाल्या होत्या, जमीन अजून उघडी होती आणि कोपऱ्यात ग्रे टाइलचे खोके. शेवटी त्यानेच निवडले होते.

"थांबवू का काम?" त्याने विचारलं.

"कशाला? सुट्टीत येईलच की. पाहुणे येतात, त्यांनाही होईल."

मी खोक्यातून एक टाइल काढली, उलटी केली आणि त्याच्या खुणा करायच्या मार्करने खरबरीत बाजूवर लिहिलं, "जिथे आहेस तिथे सुखी राहा." देवळात खोटं सांगितलं होतं, ते खरं करून टाकलं. त्याने चष्मा लावून मोठ्या कष्टाने ते वाचलं.

"तिला दिसणार नाही हे."

"लिहिलेली बाजू खालीच जाते."

त्याने माझ्या हातातून मार्कर घेतला, दुसरी टाइल उचलली आणि माझ्याकडे पाठ करून, एकेक अक्षर सुटं सुटं, मराठी शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं, तिला वाचता येईल असं लिहिलं, "घरी ये."

दुसऱ्या दिवशी टाइल बसवणारा आला. त्याने त्या दोन्ही टाइल बेसिनखाली शेजारीशेजारी बसवल्या.