खंडेनवमीचं तेल

खून-दरोड्याचे कितीतरी तपास आता धूसर झाले आहेत. एक प्रकरण मात्र, ज्यात शेवटी गुन्हाच निघाला नाही, ते अजून लख्ख आठवतं.

दिवाळीच्या आसपास राजूर रस्त्यावर एका शेतकऱ्याच्या मोटारसायकलचं पुढचं चाक चालता चालता जाम झालं. तो फेकला गेला, मांडीचं हाड मोडलं. आम्ही अपघाताची नोंद केली. दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला.

"नाव नगा इचारू साहेब. पण त्याच्या धाकट्या भावानं त्या गाडीचं ब्रेक खोलल्तं. म्या भिंतीवरून पाह्यलं."

नाव विचारायची गरज नव्हती. हवालदाराने आवाजावरूनच शेजारी ओळखला.

दोघा भावांत विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून अबोला होता. एकाच अंगणात दोन चुली, मधे बोलणं नाही. धाकट्याला बोलावलं. तो स्वतःच्या मोटारसायकलवर आला.

"दादाच्या गाडीला हात लावला होता का?"

"न्हाई साहेब. म्या तिकडं बघत बी न्हाई."

"शेजाऱ्याने पाहिलंय."

"त्याला रिकामा धंदा हाय."

हे खोटं होतं, आणि चांगलं जमवलेलंही नव्हतं. डोळे जमिनीवर, हाताची बोटं एकमेकांत. आमच्या वरिष्ठांना तेवढं पुरलं. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लावायचा, असं ठरत आलं. पत्रकारांना द्यायच्या मजकुरात 'थंड डोक्याने रचलेला कट' हे शब्द येऊनही बसले होते. तपास मागून येणार होता. धाकट्याची पुढची काही वर्षं त्या मजकुरावर टांगलेली होती.

मी मोटार वाहन निरीक्षकांची वाट पाहायची परवानगी मागितली. ते आले, थोरल्याच्या गाडीच्या हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं आणि आत बोट बुडवून वास घेतला.

"इथून कुणी काही काढलेलं नाही. उलट काठोकाठ भरलंय. पण हे ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं तेल आहे. यानं आतलं रबर फुगतं, ब्रेक सुटत नाही, चाक जाम होतं."

"म्हणजे विषच घातलं की!" वरिष्ठ उत्साहाने म्हणाले.

ठाण्याच्या फाटकाशी धाकट्याची गाडी उभी होती. मी निरीक्षकांना म्हटलं, जरा हिचंही झाकण उघडा. आत तेच तेल, तसंच काठोकाठ. रबर इथंही फुगायला लागलं होतं. दुसऱ्यासाठी कालवलेलं विष कुणी आपल्याही ताटात वाढून घेत नाही. वरिष्ठ केबिनमध्ये गेले.

मी धाकट्यासमोर बसलो. "तुझ्या गाडीत पण तेच तेल सापडलंय. आता सांग."

तो सांगू लागला. "खंडेनवमीला घरातलं औजार रितं ठेवायचं न्हाई, आमच्या वडलांची, आबांची शिस्त हाय. ते गेल्यापासून म्या भरतो. ट्रॅक्टर, इंजिन, दोन्ही गाड्या. डबीत तेल कमी दिसलं. घरात डबा व्हता, त्यातलंच टाकलं. तेल ते तेल."

"मग आधीच का नाही सांगितलं?"

"दादाला कळलं असतं ना."

"काय कळलं असतं?"

"का त्याची गाडी म्याच पुसतो, म्याच बघतो. अबोला हाय साहेब आमचा. त्याला वाटलं असतं, म्या नमलो."

जबाब घेतला. त्याच्या गाडीची चावी परत दिली नाही. गाडी मेकॅनिककडे पाठवली. मग जीपमधून त्याला जालन्याच्या दवाखान्यात नेलं, दाराबाहेर उभा केला आणि आत जाऊन थोरल्याला सगळं सांगितलं.

थोरला छताकडे पाहत ऐकत राहिला. "गाडीशी बोलून राह्यला इतके दिवस," तो म्हणाला, "आन् माझ्याशी बोलायला याची जीभ झिजत व्हती." मग दाराकडे मान वळवून ओरडला, "ये की आत, गाढवा! झाकणावर लिव्हलेलं तरी वाचायचं व्हतं."

"इंग्रजीत हाय ते," धाकटा दारातूनच म्हणाला.

"मंग मला इचारायचं!"

मी बाहेर आलो. आमच्या खात्यात खोटं पकडणं ही मोठी विद्या मानतात, आणि मलाही ती थोडीफार येत होती. खोटं सापडलं की गुन्हेगार सापडला, असा आमचा हिशेब. त्या दिवसानंतर मी समोरचा खोटं बोलतोय हे कळलं, की आणखी एक प्रश्न स्वतःला विचारू लागलो: हा लपवतोय ते नेमकं काय? बहुतेक वेळा गुन्हाच निघाला. पण माणसाला चोरीपेक्षा मायेची कबुली देणं जड जातं, हे मी पाहिलेलं होतं. म्हणून विचारत राहिलो.