मेमरीच्या पट्टीला बसलेला चटका

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जायचं म्हणून मी दुपारीच काळी नायलॉनची साडी नेसून बसले होते. हवा इतकी कोरडी की साडी पायाला चिकटत होती आणि चटचट वाजत होती. वरून घातलेला लोकरीचा स्वेटर उकडायला लागलं म्हणून डोक्यावरून ओढून काढला, तेवढ्यात मुलीने हाक मारली.

चार वाजता तिची नोकरीची परीक्षा होती, घरच्याच कॉम्प्युटरवर. तो सारखा अडकतो म्हणून तिने नवीन मेमरी आणली होती, पंजाएवढी हिरवी पट्टी. जुनी पट्टी काढून ती कॉम्प्युटरच्या डब्यातली धूळ ब्रशने झाडत होती.

"आई, टेबलावरची नवी पट्टी उचलून धर, धूळ बसतेय तिच्यावर."

मी बोट टेकलं आणि बारीक ठिणगी उडाली. हिवाळ्यात दाराच्या कडीलाही बसतो तसा चटका. पट्टी मी तशीच तिच्या हातात दिली.

पट्टी बसवून तिने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. काढली, पुन्हा बसवली. काळाच. सव्वातीन झाले होते. तिने दुकानदाराला फोन लावला.

"काका, खराब माल दिलात तुम्ही!"

"ताई, तुमच्यासमोर चालवून दाखवली होती."

"मग काय मी बिघडवली?" म्हणत तिने फोन आपटला आणि डब्यातली एकेक वायर उपटून तपासायला लागली. मला बोलायला धीर होईना. साडेतीन झाले.

"अगं, मी उचलली तेव्हा ठिणगी उडाली होती."

"आणि हे आत्ता सांगतेस?"

"मला वाटलं, एवढ्याशाने काय होतंय."

तिने माझ्या साडीकडे पाहिलं. "साडीतली वीज उतरली तिच्यात, जळली ती. तिथेच उभी राहा. कशालाही हात लावू नकोस." स्वतःच्या अंगातली वीज उतरवायला ती मोरीतल्या लोखंडी नळाला हात लावून आली, वायरी जोडल्या, जुनी पट्टी बसवली. बटण दाबलं. पडदा उजळला तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती.

ती परीक्षेला बसली. मी तिचा फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. परक्या माणसाला मी कधी आपणहून फोन करत नाही.

"मघाच्या मुलीची आई बोलतेय. पट्टी माझ्या हातून बिघडली. तुमचा माल चांगला होता."

"हे ताईंना सांगितलंत ना? नाहीतर पुन्हा मीच ऐकून घ्यायचं."

"सांगितलं."

हळदीकुंकवाला गेले नाही. परीक्षेत कॉम्प्युटर दोनदा अडकला. दोन्ही वेळा तिचा टाइप करण्याचा आवाज थांबला, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत मी दाराबाहेर उभी राहिले.