बँडवाल्यांच्या खुर्च्या

“बरोबर आहे तुमचं,” एवढं म्हणून काका चष्मा काढायचे आणि शर्टाच्या टोकाने काचा पुसत राहायचे. समोरचा माणूस तावातावाने बोलून रिकामा होईपर्यंत तो चष्मा काही परत डोळ्यांवर चढायचा नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, चष्मा नसला की समोरच्याचं तोंड नीट दिसत नाही, नुसतं बोलणं ऐकू येतं, त्यातलं कामाचं तेवढं घेता येतं. मला हे कधीच जमलं नाही. मला माणसांची तोंडं फार नीट दिसतात, आणि आमच्या कॉलनीतली काही तोंडं आठवली की आजही शिसारी येते.

माझं नाशिक रोडला औषधांचं दुकान आहे, कॉलनीच्या गेटला अगदी लागून. औषधाच्या दुकानात माणूस लाज सोडून बोलतो. कुणाचं पोट साफ होत नाही, कुणाचं सुनेशी पटत नाही, सगळं मला काउंटरवर बसल्या बसल्या कळतं. काका इथल्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायचे आणि दहा मिनिटं टेकायचे. त्यांचे वडील नांदगावच्या एका बँडपथकात क्लॅरिनेट वाजवायचे, हे काका स्वतःच सगळ्यांना सांगायचे. कॉलनीनेही ते बरोबर लक्षात ठेवलं होतं. जिन्यात काकांची पाठ वळली की ‘बँडवाल्याचा मुलगा’ म्हणायची पद्धत होती, तीही सुशिक्षित घरांत.

एकदा असेच बसले असताना त्यांनी मला विचारलं, “ताई, बँडवाल्यांना तुम्ही कधी बसलेलं बघितलंय?”

मी आठवून बघितलं. तुम्हीही बघा. उन्हात उभे असलेले दिसतील, घोड्यापुढे उलटे चालताना दिसतील, सगळं वऱ्हाड जेवून उठल्यावर मांडवामागे उकिडवे दिसतील. खुर्चीवर बसून वाजवताना नाही दिसायचे. आणि त्यांचं गाणं? मुखडा होतो, फार तर एक अंतरा होतो, तेवढ्यात नवरदेवाचा कुणी तरी मामा हात नाचवत येतो आणि दुसरं लावा म्हणतो. काका म्हणाले, वडिलांनी जन्मभर वाजवलं, पण त्यांचं एक गाणं कुणी शेवटपर्यंत ऐकलं नाही. वडिलांच्या हाताखाली तयार झालेले एक म्हातारबा अजून नांदगावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते. त्यांना काकांनी शब्द दिला होता. एकदा तुम्हाला खुर्चीवर बसवीन, समोर लोक बसवीन, आणि गाणं पुरं होईपर्यंत कुणाला मध्ये तोंड घालू देणार नाही.

म्हणून तो कार्यक्रम. कॉलनीचं मैदान, संध्याकाळचे दोन तास, आसपासची तीन बँडपथकं, आणि सगळ्यांना फुकट प्रवेश. पौष महिना ठरवला, कारण पौषात लग्नं नसतात आणि बँडवाले घरी बसून असतात.

झालं. कॉलनीच्या ग्रुपवर निरोप पडला आणि एकेकाच्या पोटात दुखायला लागलं. मी औषधवाली आहे, मला पोटदुखी ओळखू येते. फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार, काकांना महापालिकेला उभं राहायचंय, असं एकजण म्हणाला. एका बाईंना गाड्या कुठे लावायच्या याची चिंता पडली, ज्यांच्याकडे गाडी नव्हती. निवृत्त मुख्याध्यापक तर माझ्या दुकानात येऊन खोकल्याचं औषध घेता घेता म्हणाले की बँड हे काय ऐकायचं संगीत आहे का, वरातीत ठीक आहे, उद्या कचऱ्याच्या गाडीचं गाणं लावून खुर्च्या मांडाल. त्यांना मी सुटे पैसे नाहीत म्हणून सांगितलं आणि बराच वेळ उभं ठेवलं.

काका मात्र प्रत्येकाच्या घरी गेले. चष्मा काढला, काचा पुसल्या, “बरोबर आहे तुमचं” म्हणाले, आणि वर ठरलेलं दुसरं वाक्य, “मग एवढं तुम्हीच बघा ना.” गाड्यांची चिंता असलेल्या बाईंकडे गाड्यांची व्यवस्था दिली. आवाजाची तक्रार होती त्याला आवाजावर लक्ष ठेवायला नेमलं. माणूस टीका करतो कारण त्याला कुणी विचारलेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, काका, ही माणसं नाकाने कांदे सोलणारी आहेत, यांना कशाला जवळ करता? तर हसले नुसते.

पहिल्या वर्षी मांडववाल्याने स्टेजवर खुर्च्याच ठेवल्या नव्हत्या. बँडवाले कुठे बसतात, असं त्याने काकांनाच उलट विचारलं. मग प्रेक्षकांतल्या खुर्च्या उचलून वर नेल्या. बँडवाल्यांचीही पंचाईत झाली. मोठा ढोल गळ्यात अडकवायची सवय, बसल्यावर तो मांडीवर मावेना, शेवटी द्राक्षांच्या दोन क्रेटवर ठेवला. आणि बसल्या जागी ठेका धरता येईना. त्यांचे पाय चालले की हात चालणार. पहिलं गाणं असं काही लंगडत गेलं की मुख्याध्यापकांचा चेहरा खुलला. मग म्हातारबांनी बसल्या बसल्याच जमिनीवर पाय आपटायला सुरुवात केली, त्यांचं बघून बाकीच्यांनी आपटले, आणि गाडी रुळावर आली.

दुसऱ्या गाण्याला एक अंतरा झाला आणि अख्खा बँड आपोआप थांबला. कुणी तरी ओरडेल, दुसरं लावा म्हणेल, म्हणून सगळे समोर बघत राहिले. कुणी ओरडलं नाही. पहिल्या रांगेतून काकांनी हाताने खूण केली, पुढे चला. म्हातारबांनी क्लॅरिनेट पुन्हा ओठाला लावलं. पुढचा अंतरा त्यांनी किती वर्षांत वाजवला नव्हता कोण जाणे, दोनदा चुकले, मागे आले, परत उचलला आणि शेवटपर्यंत नेला. मी अर्ध्या तासासाठी म्हणून दुकान बंद करून गेले होते, ती शेवटपर्यंत बसून राहिले. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. काका टाळ्या वाजवत नव्हते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून नुसते बघत होते.

लोकांना आवडलं, आणि तिथेच वाट लागली. न आवडतं तर बरं झालं असतं. आवडलं म्हटल्यावर सगळ्यांना आपापली मतं सुचली. कोट मळके होते, सूर हलत होते, निवेदन हवं होतं, पाहुणे हवे होते. काकांनी एकेकाचं ऐकलं, काचा पुसल्या, आणि एकेक गोष्ट एकेकाला देऊन टाकली. पुढच्या पौषापर्यंत त्याची समिती झाली. मुख्याध्यापक अध्यक्ष. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आमच्याकडे माणसांची कधी टंचाई नव्हती.

दुसऱ्या वर्षीचा फ्लेक्स लागला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, मान्यवरांची भाषणं, कॉलनीतल्या हौशी गायकांची कराओके मैफल. मुख्याध्यापक दोन गाणी म्हणणार होते. बँड शोधावा लागला. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत होता, प्रमुख पाहुण्यांचं गेटवर बँडपथकांकडून स्वागत. मी काकांना फ्लेक्ससमोर उभं करून विचारलं, हे काय? ते म्हणाले, चूक त्यांची नाही, मीच म्हणालो होतो की तुम्ही बघा, त्यांनी बघितलं. मग सगळ्यांशी बोलून बघतो म्हणाले. बोलले असतीलही. समितीतल्या लोकांनी मात्र चष्मा काढला नाही.

त्या संध्याकाळी मी दुकानातच होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं. तिन्ही पथकं गेटपाशी रांगेत उभी होती. पाहुणे म्हणजे एक होऊ घातलेले नगरसेवक, तासभर उशिरा. म्हातारबा काकांजवळ आले आणि अगदी हळू विचारलं, “भाऊ, यंदा बसायचं नाय का?”

काका म्हणाले, “यंदा नाही जमलं.”

म्हातारबांनी मान हलवली आणि जागेवर जाऊन उभे राहिले. त्यांच्या पथकातला खुळखुळेवाला आला नव्हता. काकांनी तो खुळखुळा उचलला आणि रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. समितीतल्या एकाने त्यांना हाताला धरून आत न्यायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, मी इथेच बरा आहे.

पाहुण्यांच्या गाड्या आल्या, बँड सुरू झाला. पाहुण्यांच्या मागे फिरणाऱ्या एका जाडजूड गड्याने खिशातून नोट काढली, साहेबांच्या डोक्यावरून तीनदा ओवाळली आणि रांगेतला जवळचा माणूस बघून त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबली. तो माणूस म्हणजे काका. आता ऐका. काकांचा हात थांबला नाही. खुळखुळा तसाच वाजत राहिला, आणि त्यांनी मान थोडी खाली घातली, नोट मिळाल्यावर बँडवाले घालतात तशी. तशी मान घालायला त्यांना कुणी शिकवलं असेल, ते मला विचारू नका.

मुख्याध्यापक दोन हातांच्या अंतरावर उभे होते, गुच्छ घेऊन. त्यांनी हे बघितलं. त्यांनी बघितलेलं मी बघितलं. अहो, हे आमचेच, यांनीच हा कार्यक्रम सुरू केला, एवढं एक वाक्य त्या माणसाच्या तोंडून फुटलं नाही. शेवटी मीच काउंटर सोडून गेटवर गेले आणि ओरडले की तुम्ही कुणाच्या खिशात पैसे कोंबताय, हे इथले राहणारे आहेत. नगरसेवक “हो का, हो का” म्हणाले, हात जोडले आणि आत गेले. मागोमाग सगळी वरात. मला इतकी किळस आली की मी सरळ दुकान बंद केलं.

दुसऱ्या दिवशी काका गोळ्या न्यायला आले. मीच बोलत सुटले. त्यांनी ती नोट त्याच्या तोंडावर का फेकली नाही, हे मला कळत नव्हतं. माझ्यासमोर त्यांनी पहिल्यांदाच चष्मा काढला नाही. म्हणाले, “राग कसला ताई. माझ्या वडिलांना जन्मभर अशाच मिळाल्या, त्याच्यावरच मी शिकलो. लाज वाटली ती म्हातारबांची. मी त्यांना बसवतो म्हणालो होतो.”

मी गोळ्यांची पट्टी कापत राहिले.

त्याच दुपारी ग्रुपवर फोटो आले. त्यात तोही होता, काकांची मान खाली, खिशातून नोट डोकावतेय, आणि खाली ओळ, ‘मान्यवरांच्या हस्ते बँड कलाकाराचा गौरव’. कुणीतरी टाळ्या टाकल्या, कुणीतरी फुलं. थोड्या वेळाने दिसलं, काका ग्रुपमधून बाहेर पडलेले. त्यानंतर लगेच उद्या पाणी उशिरा येईल असा निरोप होता, त्यालाही तितक्याच जणांनी अंगठे टाकले होते.

काका हळूहळू कॉलनीत दिसेनासे झाले. घर होतं, पण कुलूप जास्त असायचं. गोळ्या एकदम तीन महिन्यांच्या न्यायला लागले. कुठे असता, विचारलं तर म्हणायचे, इथेच.

मग वैशाखात एकदा मी स्कूटीवरून घाऊक बाजारातून माल घेऊन परत येत होते. रस्त्यात वरात. पुढे रिक्षा, मागे बस, मध्ये मी, वर ऊन. सगळे हॉर्न वाजवत होते. मी मान उंच करून बघितलं. घोड्यापुढे पोरं नाचत होती, त्यांच्यापुढे मरून रंगाच्या कोटांतला नांदगावचा बँड होता, आणि बँडच्या कडेने, म्हातारबांना लागून, काका चालत होते. हातात काही नव्हतं. ना वऱ्हाडातले, ना बँडमधले. सगळ्या रस्त्यात ते एकटेच कान देऊन ऐकत होते.

मी स्कूटी बंद केली. मुखडा झाला, अंतरा सुरू झाला. तेवढ्यात कुणी तरी फेटेवाला हात नाचवत आला, काहीतरी ओरडला, आणि म्हातारबांनी क्लॅरिनेट ओठांवरून खाली घेतलं. दुसरं गाणं सुरू झालं. काका त्याच्याही सोबत चालायला लागले.