तापलेल्या इंजिनाचा पाहुणचार

स्वारगेटवरून सकाळी सहाची एसटी सुटली तेव्हा माझ्याकडे परतीचं तिकीट नव्हतं. संध्याकाळी मी स्वतःची गाडी चालवत पुण्यात परतणार होतो. ऑफिसातल्या एका मित्राचे दूरचे मामा, शामराव, पेठ वडगावला राहतात. त्यांना आपली पांढरी, जुनी पण 'नव्यावानी' गाडी विकायची होती. फोनवर सगळं ठरलं होतं. जायचं, चालवून बघायची आणि घेऊन यायची, एवढंच उरलं होतं. बायकोला हा व्यवहार मुळीच पसंत नव्हता. निघताना ती म्हणाली होती, फसलास तर गाडी तिकडेच ठेव आणि तूही दोन दिवस तिकडेच राहा.

मला कुठे रेंगाळायला आवडत नाही, हे इथेच सांगून टाकतो. साताऱ्याला माझी थोरली बहीण असते. तिच्याकडे गेलो तर मी चपलासुद्धा काढत नाही. दारातच पिशवी देतो आणि निघतो. ती मला टपालवाला म्हणते. एसटी साताऱ्यातून गेली तेव्हा तिला फोन करावा असं वाटलं, पण तिचा फोन लांबतो म्हणून केला नाही.

कोल्हापूरच्या स्टँडवर शामराव गाडी घेऊन हजर होते. सत्तरीचे, पांढरी टोपी, आवाज असा की समोरच्या फलाटावरचे दोघे वळून बघायला लागले. "या की पावणं," (पाहुणे) म्हणून त्यांनी माझी पिशवी हिसकावूनच घेतली. गाडी खरोखर देखणी होती. वडगावला पोचताच मी कागद मागितले, तर त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, ताट मांडलं. शामराव म्हणाले, आज साधंच जेवण हाय, कारण जेवून आपल्याला नरसोबाच्या वाडीला जायचंय. दत्ताच्या पायावर घातल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, असं काकूंचं म्हणणं होतं. मटण उद्या.

मी म्हणालो, उद्या मी नाही. त्यावर दोघांनीही माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं आणि आणखी एक भाकरी वाढली.

सव्वा तासानं गाडी निघाली. चालवायला मी, शेजारी शामराव. किल्ली फिरवताच इंजिन असं सुरू झालं की मी मनातल्या मनात बायकोशी भांडण जिंकलो. हातकणंगले गेलं, जयसिंगपूर गेलं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये काळा रस्ता. शामराव वाटेतल्या प्रत्येक गावात कोणाचं लग्न कोणाशी झालं ते सांगत होते. शिरोळच्या अलीकडे मी पाण्याची बाटली घ्यायला थांबलो. शामराव उतरायला लागले, तर मी त्यांना हात धरून बसवलं. म्हणालो, उतरू नका, दोन मिनिटांत आलो.

खरंच दोन मिनिटांत आलो. किल्ली फिरवली. इंजिन खर्रर्र खर्रर्र करत फिरलं, पण सुरू काही होईना. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

कोल्हापूर जिल्ह्यात रस्त्यावर बंद पडलेली गाडी एकटी राहत नाही. पाच मिनिटांत तिच्याभोवती सात जण जमले आणि प्रत्येकाला रोग माहीत होता. एक म्हणाला बॅटरी, दुसरा म्हणाला पेट्रोलात पाणी. ट्रॅक्टरवरून उतरलेल्या एकानं दोन्ही खोडून काढली आणि सगळ्यांना ढकलायला लावलं. ढकलून काही झालं नाही, फक्त माझ्या नव्या शर्टाची एक शिवण गेली. मग कोणीतरी चहा मागवला. चहा झाला, गप्पा झाल्या, पाऊण तास गेला. सहज म्हणून शामरावांनी किल्ली फिरवली आणि गाडी काही घडलंच नाही अशी सुरू झाली.

शामराव खूश होते. "बगा, कधी दगा देत न्हाय." मी घड्याळ बघितलं.

वाडीला कृष्णेच्या घाटावर पाणी संथ होतं. दर्शन झालं, बासुंदी झाली, शामरावांना भेटलेल्या चार ओळखीच्यांशी बोलणं झालं. दीड तासानं आलो तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू. आता माझ्यातला पुणेकर जागा झाला. परतताना शिरोळमध्ये एका झाडाखाली मी मुद्दाम गाडी थांबवली, बंद केली, दहापर्यंत आकडे मोजले आणि किल्ली फिरवली. खर्रर्र खर्रर्र.

तिथे मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. म्हणालो, तरीच स्टँडवरून आल्याबरोबर जेवण. तरीच वाडीला दीड तास. गाडी गार झाल्याशिवाय मला किल्ली लावूच द्यायची नाही असं तुम्ही ठरवलं होतंत.

शामरावांचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"गाडी नगा घेऊ पावणं," ते म्हणाले. "पर मला लबाड म्हणू नगा."

रस्त्यापलीकडे एक गॅरेज होतं. त्याच्या मालकाला सगळे बाळू मेस्त्री म्हणत. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेला, कमी बोलणारा माणूस. आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता गाडी तिथवर ढकलत नेली. मेस्त्रीनं बॉनेट उघडलं, पेट्रोलच्या पंपाचा आवाज कान लावून ऐकला, एक प्लग काढून मला किल्ली फिरवायला सांगितली. पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत नव्हती. मग त्यानं सरळ शामरावांना विचारलं, गाडी बंद केल्यावर किती वेळानं पुन्हा चालू करता?

शामराव आठवायला लागले. सकाळी डेअरीला गेलो की तिथं तासभर बसणं होतं. निपाणीला बहिणीकडे गेलो की जेवून, झोपून, संध्याकाळी. बाजारात दोन तास. तालमीजवळ थांबलो तर दिवस मावळतो. पेट्रोल भरायला? ते तर सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्याच चौकात, इंजिन तापायच्या आत. मेस्त्री ऐकत होता आणि हळूहळू हसत होता.

"आण्णा, गाडी बिघडून दोन वर्सं तरी झाल्यात," तो म्हणाला. "तुमी कुटनंच लगीच उठला न्हाईसा, म्हणून कळलं न्हाय."

त्यानं तांब्याभर गार पाणी घेतलं आणि इंजिनाच्या बुडाशी असलेल्या अंगठ्याएवढ्या भागावर हळूहळू ओतलं. तो सेन्सर. इंजिन फिरतंय हे तो गाडीच्या कंप्युटरला सांगतो, मग ठिणगी पडते. गाडी धावताना त्याला वारा लागतो. बंद केली की सगळी उष्णता तिथेच कोंडते. तापला की गप्प, निवला की बोलतो, माझ्या मेव्हण्यागत, असं मेस्त्री म्हणाला. पाणी ओतून झाल्यावर त्यानं मला खूण केली. मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

नवा सेन्सर जयसिंगपूरहून येईपर्यंत आम्ही गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. मी म्हणालो, शामराव, माझं चुकलं. फार वाईट बोललो मी.

"तुमचं काय चुकलं? तुमीच तर रोग हुडकलासा," (शोधलात) ते म्हणाले, आणि टोपी परत डोक्यावर गेली. घरी फोन करून त्यांनी काकूंना इतक्या मोठ्यानं सांगितलं की पाहुणे राहतायत, ते फोनशिवायही वडगावात ऐकू गेलं असावं. सेन्सर बसल्यावर मी तापल्या इंजिनावर दहा वेळा गाडी बंद-चालू केली. दहाही वेळा ती लगेच सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागदांवर सह्या झाल्या. मी आठलाच पिशवी उचलली. आत चुलीवर तांबडा रस्सा उकळत होता आणि काकू हातात पळी घेऊन दारात उभ्या होत्या. गाडी रात्रभर गोठ्याशेजारी उभी, बॉनेटवर दव. शामरावांनी त्या गार पत्र्यावर तळवा टेकवला आणि गंभीरपणे म्हणाले, "इंजान तापलंय, पावणं. दुपारपातूर हलायचं न्हाय."

मी पिशवी खाली ठेवली. मटणाबद्दल लिहीत नाही. वाचणाऱ्याला त्रास होईल.

दुपारी हायवेला लागलो. पुण्यापर्यंत कुठेही न थांबता जाता आलं असतं. बायकोचा मेसेज आला होता, गाडीत काही दोष निघाला का. मी उत्तर टाळलं, कारण दोष निघाला होता, पण सगळाच काही गाडीत नव्हता. गेल्या कित्येक वर्षांत मी किती दारांतून तसाच परतलो, ते स्टीअरिंग धरल्या धरल्या आठवत गेलं आणि जरा बोचलं.

साताऱ्याला मी आत वळलो. ताईनं दार उघडलं आणि सवयीनं पिशवीसाठी हात पुढे केला. बस म्हणायचं तिनं कधीच सोडून दिलंय.

"ताई, तासभर थांबावं लागेल," मी म्हणालो. "इंजिन तापलंय."

तिचा चेहरा काळजीनं भरला. "अरे देवा. मग आत ये ना, भात टाकते."

मी चपला काढल्या. गाडी दुरुस्त झाल्याचं तिला अजून सांगितलेलं नाही.