लाल गोट्यांची पिशवी

वळ गावातल्या गोदामात नवा पुठ्ठ्याचा खोका फाडला की येणारा कोरडा वास मला थेट धामणकर नाक्याजवळच्या यंत्रमागाच्या कारखान्यात नेतो. शुक्रवारी लूम बंद असायचे, आणि मी नि माझा कॉलेजातला दोस्त त्याच्या चाचांच्या त्या कारखान्यात, कापडाच्या ताग्यांवर नकाशा पसरून युद्धाचा खेळ मांडायचो. आपला देश आणि शेजारचा देश, त्यांच्यात कधी न झालेली लढाई, आम्ही गोट्या म्हणायचो त्या पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या आणि दोन फासे. मशीनच्या तेलाचा वास यायचा, गोट्यांना कापसाचा भुगा चिकटायचा. निळ्या गोट्या आपल्या फौजेच्या, त्या मी घ्यायचो. लाल गोट्यांची पिशवी न विचारता त्याच्यापुढे सरकवायचो. "तू तिकडचा." एकदा चाचा चहा घेऊन आले, नकाशावर वाकले आणि पुतण्याला म्हणाले, "हर बार तू ही उधर का क्यों?" हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. उत्तर मात्र त्याच्या नावातच होतं. तो मान वर न करता हसला. "चाचा, मैं ही मांगता हूँ. लाल वाले ज्यादा हैं ना." लाल गोट्या जास्त नव्हत्या, दोन्हीकडे सारख्याच होत्या, आणि त्याने कधी काही मागितलं नव्हतं. पाळी माझी होती. मी फासे टाकले. तो खेळ आता माझ्या कपाटात आहे. लाल गोट्यांच्या कडा त्याच्या बोटांनी मऊ पडल्यात, आणि बोलायची पाळी अजून माझीच आहे.