अक्का बसली की पेटणारा दिवा

आमच्या अक्काला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, दुबलगुंडीहून कलबुर्गीला डायलिसिसला न्यायचं काम माझं. गाडी जुनी, पण कधी दगा दिला नव्हता. दसरा झाला आणि स्टिअरिंगमागच्या काट्यांशेजारी इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा पेटायला लागला. पळवली की गाडी ठणठणीत, रेल्वे फाटकाला थांबलो की इंजिन थरथरायचं, बंद पडायचं. हुमनाबादच्या मेस्त्रीनं सेन्सर बदलला, दिवा घालवला. तो परत हजर! डोकंच फिरलं माझं.

त्यात एके सकाळी अक्का पायरीवर बसून राहिली.

"मी येत न्हाई."

"कामून?"

"मी बसले की दिवा पेटायलाय. माझ्यापायी गाडी कामून खराब करायलास?"

"मी एकटा असलो तरी पेटतोय."

"माझ्या समाधानासाठी म्हणायलास."

डायलिसिस चुकलं तर काय होतं, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं होतं. मी तिच्यावर ओरडलो. खरं तर मी घाबरलो होतो.

"कारण डोळ्यांनी दाखवलं तर येशील?" म्हणत मी बोनेट उघडलं, गाडी चालू केली. शिट्टीआधी कुकर फुसफुसतो तसा बारीक आवाज येत होता. कुठून तरी जादा हवा आत ओढली जात होती, इंजिनाचा हिशेब बिघडत होता, म्हणून दिवा. भोक कुठं, तेवढंच शोधायचं. देवघरातली उदबत्ती पेटवून मी एकेका नळीजवळून फिरवली. धूर सरळ वर जायचा. बोटाएवढ्या एका रबरी नळीपाशी मात्र तो वाकला आणि आत शिरला.

तिथं काळ्या लोकरीची गाठ होती. आमचे लोक मूळचे मेंढरंवाले. मेंढरं गेली, पण खंडेनवमीला पोटापाण्याच्या वस्तूला नजर लागू नये म्हणून घरच्या बाया काळी लोकर बांधतात. यंदा अक्कानं उघड्या बोनेटात हाताला आली त्या नळीला बांधली, सगळा जीव लावून आवळली. नळीच्या टोकाशी, गाठीखाली जुनं रबर चिरलं होतं.

उंदरानं कुरतडली म्हणावं, असं मनात आलं. पण अक्का पायरीवरून उठून शेजारीच येऊन उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालं.

"म्हंजे माझ्यामुळंच की."

"गाठीमुळं. तुझ्यामुळं न्हाई."

चिरलेलं टोक कापून मी नळी परत बसवली, वरून लोखंडी पट्टी आवळली. इंजिन शांत झालं. दिवा काही लगेच विझला नाही. चार फेऱ्या झाल्या की जाईल, म्हणालो.

अक्का इंजिनाकडं बघत राहिली. "माझं बी असंच नीट व्हईल का रं?"

थाप मारणं सोपं होतं. "न्हाई अक्का," म्हणालो, "तसं न्हाई व्हणार. पण तू येत जा. मला तू पाहिजेस."

तिनं पदरानं तोंड पुसलं, गाडीत बसली आणि म्हणाली, "मग चल की. उशीर व्हायलाय."